अमृतारिष्ट आणि श्रावकाचार : तापावरील एका औषधाचा इतिहास

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने जैन धर्मात सांगितली आहेत. पैकी आहारदानाने एका दिवसाची भूक भागते, तर औषधदानाने रोग्याचा देह पुन्हा धर्मसाधनेस योग्य होतो. म्हणून पूर्वाचार्यांनी त्याचा विशेष गौरव केला आहे. परंतु औषध द्यावयाचे म्हणजे कोणते द्यावयाचे, ते कशापासून व कसे तयार झालेले असावे, हा प्रश्न श्रावकापुढे नेहमीच उभा राहिला. रोग्याचा प्राण वाचला पाहिजे आणि घेतलेले व्रतही अखंड राहिले पाहिजे, अशा दुहेरी कसोटीवर जैन कुटुंबांनी शतकानुशतके औषधे पारखून घेतली. या पारखण्याचा इतिहास समजून घेण्यासाठी अमृतारिष्टासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

घरात कोणाला ताप येतो, आठ-दहा दिवसांनी तो उतरतो, परंतु तोंडाला चव नसते, अन्न पचत नाही, अंगात त्राण राहत नाही. अशा वेळी वैद्य अमृतारिष्टाची बाटली लिहून देतात. बाळंतिणीच्या खोलीत याच वर्गातील दशमूलारिष्ट येते. घरातील तरुण मंडळी ती बाटली फडताळात ठेवतात, आणि प्रतिमाधारी आजी मात्र विचारते, “बाळ, यात आंबवलेले काही नाही ना?” बिद्री आणि परिसरातील अनेक घरांत हा प्रश्न आजवर विचारला गेला आहे. त्याला अडाणीपणाचा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांना हे ठाऊक नसते की, तो सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी एका महापंडिताने ग्रंथात नोंदवून ठेवलेला आहे.

आसव-अरिष्टांची प्राचीन परंपरा

वनस्पतींचा गुण पाण्यात उतरवून तो टिकवून ठेवणे ही वैद्यकाची फार जुनी गरज होय. काढा ताजा असतानाच गुणकारी; दुसऱ्या दिवशी तो आंबट होतो व टाकून द्यावा लागतो. प्रवासात, पावसाळ्यात, किंवा ज्या ऋतूत वनस्पती मिळत नाही त्या ऋतूत वैद्याने काय करावे? या अडचणीतून आसव-अरिष्टांचा जन्म झाला. काढ्यात गूळ किंवा साखर घालून तो बंद पात्रात ठेवला असता त्यातील गोडीचे काही अंशी मद्यार्कात रूपांतर होते. हाच स्वयंजनित मद्यार्क औषध नासू देत नाही आणि वनस्पतींचे पाण्यात न उतरणारे काही अंशही आपल्यात ओढून घेतो. काढा एका दिवसाचा सोबती, तर अरिष्ट अनेक वर्षांचे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांची नऊ उगमस्थाने सांगून एकूण ८४ आसवांची गणना केलेली आहे. धान्यांपासून ६, फळांपासून २६, मुळांपासून ११, वृक्षांच्या गाभ्यापासून २०, फुलांपासून १०, कांड्यांपासून ४, पानांपासून २, सालींपासून ४ आणि साखरेपासून १ असा तो हिशेब आहे. बेरीज बरोबर जुळते. यावरून हे शास्त्र त्या काळी किती पद्धतशीर झाले होते याची कल्पना येते.

पुढे शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात या विषयासाठी स्वतंत्र अध्याय आला. न शिजवलेली औषधे व पाणी यांपासून होते ते आसव आणि काढ्यापासून होते ते अरिष्ट, असा सुटसुटीत भेद तेथे केला आहे. जेथे प्रमाण दिलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशांश प्रक्षेपद्रव्य घ्यावे, असा सर्वसाधारण नियमही तेथे सांगितला आहे. या सर्व कृतींना वैद्यकात ‘संधान-कल्पना’ असे नाव आहे. हा ‘संधान’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

अमृतारिष्टाची घडण

अमृतारिष्टाचा जो पाठ आज प्रचारात आहे तो गोविंददासकृत ‘भैषज्यरत्नावली’ या उत्तरकालीन ग्रंथातील ज्वराधिकारातील होय. ‘अमृता’ म्हणजे आपली गुळवेल. कापून टाकली तरी पुन्हा फुटते म्हणून तिला ‘छिन्नरुहा’ असेही म्हणतात. कडुनिंबावर चढलेली गुळवेल विशेष गुणाची, असा आपल्याकडील वैद्यांचा व जाणत्या शेतकऱ्यांचा समज आहे.

या पाठानुसार गुळवेल १०० पळे व दशमुळे १०० पळे घेऊन ती चार द्रोण पाण्यात शिजवावी व चौथा हिस्सा उरवावा. थंड झाल्यावर गाळून त्यात तीन तुळा गूळ विरघळवावा. नंतर जिरे १६ पळे, पित्तपापडा २ पळे, आणि सातविण, सुंठ, मिरे, पिंपळी, नागरमोथा, नागकेशर, कुटकी, अतिविष व इंद्रजव ही नऊ द्रव्ये प्रत्येकी एक पळ, यांचे चूर्ण मिसळावे आणि पात्राचे तोंड बंद करून ते महिनाभर ठेवावे. दशमुळे म्हणजे बेल, टेंटू, शिवण, पाडळ व ऐरण या पाच वृक्षांची आणि सालवण, पिठवण, डोरली, भुईरिंगणी व गोखरू या पाच लहान वनस्पतींची मुळे.

भारत सरकारने १९७८ मध्ये आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा जुन्या मापांना दशमान मापे जोडली गेली. एक पळ म्हणजे ४८ ग्रॅम, एक तुळा म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅम आणि एक द्रोण म्हणजे १२.२८८ लिटर. या मापाने गुळवेल ४ किलो ८०० ग्रॅम, दशमुळे तितकीच, आणि चूर्णे सर्व मिळून १ किलो २९६ ग्रॅम होतात. काढा उरतो सव्वाबारा लिटरच्या आसपास. आणि गूळ पडतो १४ किलो ४०० ग्रॅम! कोल्हापूरच्या बाजारातील ३० किलोच्या एका रव्यात असे दोन घाणे जेमतेम निघतील. औषधाचा पाया गुळवेल खरी, पण त्याचा देह गुळाचा आहे, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. मधुमेही रोग्याने हे औषध वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये असे सांगतात त्याचे एक मोठे कारण हेच.

आणखी एक गोष्ट जैन वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या मूळ पाठात मध नाही. दशमूलारिष्टात मध आहे, इतरही अनेक आसव-अरिष्टांत आहे. अमृतारिष्टात मात्र केवळ गूळ सांगितला आहे. धायटीची फुलेही मूळ पाठात नाहीत. परंतु आंबण्याची क्रिया नीट सुरू व्हावी म्हणून ती घालण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. सह्याद्रीच्या उतारावर शिशिराच्या अखेरीस लाल फुलांनी डवरणारी धायटी राधानगरी-भुदरगडच्या डोंगराळ भागास अपरिचित नाही. या फुलांबरोबर नैसर्गिक किण्व पात्रात जाते व ते गुळावर काम करू लागते.

जुन्या काळी या कृतीत कापडाला मोठे स्थान होते. काढा वस्त्रगाळ करावयाचा, चूर्णे वस्त्रगाळ करावयाची, आणि शेवटी पात्राच्या झाकणाचा सांधा मातीने माखलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी, थरावर थर देऊन बुजवावयाचा. त्यापूर्वी पात्रास आतून तुपाचा हात फिरवीत व धुरी देत. मग ते पात्र धान्याच्या राशीत किंवा जमिनीतील खड्ड्यात ठेवीत, म्हणजे त्यास बेताची व सारखी ऊब मिळे. कान लावला असता आतील बुडबुड्यांचा आवाज थांबला, वर तरंगणारे चूर्ण तळाशी बसले आणि तोंडाशी नेलेली जळती काडी विझली नाही, म्हणजे क्रिया पूर्ण झाली असे समजत. जोवर आत क्रिया चालू असते तोवर निघणाऱ्या वायूने काडी विझते. प्रयोगशाळा नसलेल्या काळातील ही परीक्षा आजच्या रसायनशास्त्रालाही मान्य व्हावी अशी आहे.

श्रावकाचाराचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. मद्य, मांस व मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा पाया होय. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या तीन त्यागांना पाच अणुव्रतांची जोड देऊन आठ मूलगुण सांगितले, पुढील आचार्यांनी तीन मकार व पाच उदुंबर फळे यांचा त्याग मिळून आठ सांगितले. अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्याचा निषेध दोन कारणांनी केला आहे. मद्य मनाला मोहित करते हे एक. आणि मद्य हे रसात उत्पन्न होणाऱ्या असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान असल्याने त्याच्या सेवनात हिंसा अटळ आहे हे दुसरे. यांतील दुसरे कारण अरिष्टालाही लागू पडते. चमचाभर अरिष्टाने कोणास नशा येत नाही, हे उत्तर पहिल्या आक्षेपापुरते पुरेसे आहे. दुसऱ्या आक्षेपाला त्याने उत्तर मिळत नाही.

तेराव्या शतकात माळव्यात होऊन गेलेले पंडित आशाधर यांनी हा विषय अधिक सूक्ष्मपणे मांडला. शिहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत त्यांच्या कुटुंबाने मांडलगड सोडून धारानगरीचा आश्रय घेतला आणि पुढे नालछा येथे त्यांनी आपली ग्रंथरचना केली. त्यांच्या ‘सागारधर्मामृता’त, दर्शनप्रतिमाधारी श्रावकाच्या आचारात, असे सांगितले आहे की, त्याने सर्व प्रकारचे संधान वर्ज्य करावे, दोन दिवसांवरचे दही-ताक घेऊ नये आणि बुरशी आलेली कांजी घेऊ नये, अन्यथा मद्यत्यागाच्या व्रतास मल लागतो. येथे ‘संधान’ हा शब्द लोणच्यासारख्या मुरवून ठेवलेल्या पदार्थांसाठी आला आहे. वैद्यकात आसव-अरिष्टांच्या कृतीला जे नाव, तेच नाव श्रावकाचारात वर्ज्य पदार्थाला आहे. आजीबाईंच्या प्रश्नाचे मूळ हे असे आहे.

विशेष म्हणजे पंडित आशाधर वैद्यकशास्त्रापासून दूर असलेले गृहस्थ नव्हते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यांनी ‘उद्द्योत’ नावाची टीका लिहिली होती असे त्यांच्या स्वतःच्या प्रशस्तीवरून समजते. ती टीका आज उपलब्ध नाही. वाग्भटाच्या ग्रंथात आसव-अरिष्टांचा उपयोग पदोपदी येतो. म्हणजे अरिष्टांचे गुण पूर्णपणे जाणणाऱ्या पंडितानेच व्रतधारकाला संधानापासून दूर राहण्यास सांगितले आहे. त्यांच्या शब्दांतील मर्यादाही ध्यानात घेण्याजोगी आहे. संधानसेवनास त्यांनी व्रताचा मल म्हटले आहे, आणि हा उपदेश प्रतिमाधारी नैष्ठिक श्रावकास केलेला आहे. सर्वसाधारण पाक्षिक श्रावकाची पायरी त्यांनी वेगळी ठेवली आहे. व्रताच्या पायरीप्रमाणे आचाराची कसोटी बदलते, हा जैन विचाराचा समतोलपणा येथे दिसतो.

श्वेतांबर परंपरेतही अशीच सूक्ष्म दृष्टी आढळते. बत्तीस अनंतकायांच्या यादीत ‘लीली गळो’ म्हणजे ओली गुळवेल येते. वाळलेल्या औषधीचा विचार निराळा केला जातो. ओले आले न घेणाऱ्या घरात सुंठ चालते, त्याच न्यायाने. म्हणून अनेक जैन घरांत काढ्यासाठी वाळलेली गुळवेलच घेण्याची पद्धत राहिली.

जैन वैद्यकाचे उत्तर

केवळ निषेध करून जैन आचार्य थांबले नाहीत. त्यांनी पर्यायही दिला. द्वादशांग वाणीतील बाराव्या अंगाच्या चौदा पूर्वांपैकी ‘प्राणावाय’ हे पूर्व आयुर्वेदाचे मानले जाते. या परंपरेतील आज उपलब्ध असलेला थोर ग्रंथ म्हणजे उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’. श्रीनंदी हे त्यांचे गुरू, आणि रामगिरी हे ग्रंथरचनेचे स्थान. २५ परिच्छेदांच्या या संस्कृत ग्रंथात मद्य, मांस व मधु यांचा औषधातही आश्रय न घेण्याचे धोरण आहे. ग्रंथाच्या अखेरीस ‘हिताहित’ नावाचे प्रकरण असून, राजा नृपतुंगाच्या सभेत जमलेल्या वैद्यांसमोर मांसभक्षणाच्या निरर्थकतेवर दिलेले ते व्याख्यान होय. हा नृपतुंग म्हणजे नवव्या शतकातील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष असे मानले जाते. हा ग्रंथ पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने व हिंदी अनुवादासह १९४० मध्ये सोलापूर येथून सखाराम नेमचंद ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. शेकडो वर्षे हस्तलिखितांत राहिलेले हे ज्ञान मुद्रित रूपाने समाजासमोर आणण्याचा मान महाराष्ट्रातील जैन समाजाकडे जातो, ही अभिमानाची गोष्ट आहे.

कन्नड भाषेत बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सोमनाथ कवीने ‘कर्नाटक कल्याणकारक’ रचला. पूज्यपादांच्या ग्रंथाचे ते कन्नड रूप होय. त्यातील सर्व चिकित्सा शाकाहारी व मद्यरहित आहे, असे कन्नड साहित्याच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. हा काळ या परिसराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. कागल तालुक्यातीलच बामणी येथील शके १०७३ चा शिलालेख शिलाहार राजा विजयादित्य याने पार्श्वनाथ जिनालयास दिलेल्या दानाची साक्ष देतो. पूजा, जीर्णोद्धार आणि तेथील मुनींचा आहार यांसाठी ते दान होते. एकीकडे कन्नड प्रदेशात मद्यरहित वैद्यकाचा ग्रंथ लोकभाषेत येत होता, आणि त्याच सुमारास दूधगंगेच्या परिसरात जिनालयांना राजाश्रय मिळत होता. मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात आणि औषधही त्याच वेळी, श्रावकाच्या हातून, अंजलीतच घेतात. त्यांच्यासाठी साठवलेले संधान चालत नाही. म्हणून मुनिसेवेच्या निमित्ताने ताज्या काढ्याची विद्या श्रावकांच्या स्वयंपाकघरात जिवंत राहिली. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरील भोज या गावाने चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांसारखे तपस्वी जैन समाजाला दिले, त्याच खोऱ्यातील ही परंपरा आहे.

काढा करण्याची शार्ङ्गधरोक्त रीत सोपी आहे. औषधांची भरड एक भाग, पाणी सोळा भाग, मातीच्या भांड्यात मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणे. गुळवेल, सुंठ, नागरमोथा, पित्तपापडा ही अमृतारिष्टातीलच द्रव्ये काढ्यात येतात. मधाच्या अनुपानाऐवजी जैन घरांत तूप, खडीसाखर किंवा गूळ घेण्याची पद्धत पडली. काढा त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावा हा वैद्यकाचा नियम, आणि पदार्थाची मर्यादा पाळावी हा श्रावकाचाराचा नियम. हे दोन्ही येथे एकरूप झाले. शिळ्या रसात काहीतरी नवे घडू लागते हे दोन्ही शास्त्रांनी ओळखले होते. वैद्याने त्या घडण्याचा उपयोग करून घेतला. श्रावकाने त्यात जीवोत्पत्ती पाहून ते टाळले. निरीक्षण एकच, निष्कर्ष दोन.

तापाच्या उपचारक्रमातही हा मेळ दिसतो. चरकाने ज्वरात आरंभी लंघन, मग पेज, मग पाचन काढे असा क्रम सांगितला आहे. अरिष्टासारख्या गोड औषधाची वेळ त्यानंतर, ताप जुना झाल्यावर किंवा उतरल्यावर येते. उपवासानंतर मुगाच्या कढणाने पारणे करणाऱ्या जैन घरांना लंघन व पेज यांचे महत्त्व वेगळे शिकवावे लागले नाही.

बाटलीचे युग आणि कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अरिष्टे गावोगावचे वैद्य स्वतः करीत. पुढे हे काम कारखान्यांकडे गेले. पनवेल येथे श्री धूतपापेश्वर हा कारखाना १८७२ मध्ये सुरू झाला, मुंबईस सांडू बंधूंचा व्यवसाय १८९९ मध्ये उभा राहिला, आणि केरळात कोट्टक्कल येथे पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये आर्य वैद्यशाळा स्थापन केली. हाच काळ १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचा, आणि त्यानंतर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा होता. तापाच्या साथींनी गावे रिकामी केली. त्या काळात तयार, टिकाऊ व बाटलीबंद औषधाची मागणी वाढणे स्वाभाविक होते. मात्र बाटली आली आणि औषध कसे तयार झाले हे पाहण्याची सोय गेली. वैद्याच्या अंगणातील पात्र श्रावकाला दिसत असे. कारखान्यातील पिंप दिसत नाही.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. त्यात दारूची व्याख्या इतकी व्यापक होती की, मद्यार्क असलेला कोणताही द्रव तीत बसे. जो प्रश्न इतके दिवस श्रावकाच्या घरात होता तो आता सरकारच्या दारात गेला : अरिष्ट हे औषध की दारू? एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निर्णय दिला. मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधन द्रव्ये बाळगण्यावर आणि वापरण्यावर बंदी घालणारा कायद्याचा भाग न्यायालयाने अवैध ठरविला; दारूबंदीचा उरलेला बराचसा भाग कायम ठेवला. पुढे १९५५ मध्ये औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील उत्पादनशुल्काचा केंद्रीय कायदा झाला. वस्तू व सेवा कराबरोबर २०१७ मध्ये तो रद्द होईपर्यंत मद्यार्कयुक्त औषधांच्या करआकारणीचा विचार त्याखाली होत असे. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीला औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती १९६४ मध्ये झाली.

न्यायालयाने औषध व मद्य यांत भेद केला तो उपयोगाच्या दृष्टीने. आचार्यांनी केलेला भेद उत्पत्तीच्या दृष्टीने होता. म्हणून कायद्याने निर्दोष ठरलेली बाटली व्रताच्या दृष्टीने आपोआप निर्दोष ठरत नाही. आणि व्रताने वर्ज्य केलेली वस्तू घेणारा इतर मनुष्य दोषीही ठरत नाही. हे दोन न्याय एकमेकांत मिसळू नयेत.

ऊस, गूळ आणि आजचा काळ

दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे बिद्रीचे नाव सर्वत्र परिचित झाले. या खोऱ्यातील ऊस हीच येथील समृद्धीची जननी होय. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकाच उसाच्या रसातून गुऱ्हाळघरातील काहिलीत गूळ होतो, कारखान्यात साखर होते, आणि साखरेच्या मळीपासून मद्यार्क होतो. वस्तू एकच असूनही मनुष्य तिचे काय करतो यावर तिची योग्यता ठरते, हा धडा या परिसरातील लोकांना कोणी शिकवावा लागत नाही. औषधासाठी गूळ घेताना मात्र भेंडीच्या रसाने मळी काढलेला, रसायनविरहित जुना गूळ पाहून घ्यावा, असे जाणकार सांगतात ते योग्यच आहे.

२०२० च्या कोरोना साथीत गुळवेलीला पुन्हा सुगी आली. आयुष मंत्रालयाच्या सूचनांमध्ये तिचा समावेश झाला आणि घरोघरी काढे उकळू लागले. त्यात अतिरेकही झाला. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये, गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दिसायला तशीच असणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, अशी भूमिका मंत्रालयाने घेतली. वाद काहीही असो, त्यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वनस्पती ओळखीची असावी, मात्रा मोजकी असावी, दिवस ठरलेले असावेत, आणि यकृताचा विकार असणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. अमृतारिष्टाची ग्रंथोक्त सरकारी मात्रा १२ ते २४ मिलीलिटर आहे. ती गुण आला म्हणून वाढवावयाची नसते.

तसेच आजचा ताप हा एकच रोग नाही. हिवताप, विषमज्वर, डेंग्यू यांचे निदान रक्ताच्या तपासणीनेच होते आणि त्यात झालेली दिरंगाई जिवावर बेतू शकते. काढा असो वा अरिष्ट, ते तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तापातून उठलेल्या मनुष्याला बळ देणे, भूक लावणे हे त्याचे काम. आणि त्या कामापुरता त्याचा मान राहील.

समारोप

या सर्व इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येईल. अमृतारिष्टात मध नाही, त्यामुळे मधुत्यागास त्याने बाधा येत नाही. मात्र बाजारातील बाटलीवरील घटकांची यादी वाचून याची खात्री करावी. ते संधान आहे, त्यामुळे प्रतिमाधारी व्रतिकास ते ग्राह्य नाही. त्याच्यासाठी त्याच द्रव्यांचा ताजा काढा हा पूर्वाचार्यांनी मोकळा ठेवलेला राजमार्ग आहे. गोळी व चूर्ण यांचाही पर्याय आहे. सामान्य श्रावकाने आपल्या नियमाप्रमाणे, वैद्यांच्या व गुरुजनांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा. आणि घरातील आजारी सुनेला किंवा अशक्त बाळंतिणीला औषधावरून बोल लावून कोणी आपले व्रत पाळू नये. कारण रोग्याला होणारा क्लेश हीसुद्धा हिंसाच होय. त्याचप्रमाणे आजीने विचारलेला प्रश्न जुनाट म्हणून झिडकारू नये. कारण त्या प्रश्नामागे उग्रादित्य आणि आशाधर उभे आहेत.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात औषधदानाचा संकल्प अनेक जण करतील. त्या संकल्पात दोन लहान गोष्टींची भर पडावी. घरातील वृद्ध स्त्रियांना ज्ञात असलेले काढे, त्यांची प्रमाणे व पथ्ये यांची लेखी नोंद व्हावी. कारण हे ज्ञान वहीत नसून हातात आहे, आणि ते हात थकत चालले आहेत. तसेच मंदिराच्या अथवा शेताच्या बांधावर एखाद्या कडुनिंबापाशी, जाणकाराकडून ओळख पटवून घेतलेल्या गुळवेलीचे एक कांडे रुजवावे. ती कापली तरी फुटते. परंतु पहिले कांडे कोणीतरी लावावे लागते.

॥ जय जिनेंद्र ॥